दत्तक मूल आणि संशयाची नजर

कमी खर्चाच्या थरारपटाला खलनायक म्हणून लहान मूल परवडते. एक घर, चार माणसे आणि एक निरागस चेहरा एवढे भांडवल पुरते. १९९२ च्या ‘मायकी’ या अमेरिकी चित्रपटातला मुलगा आदर्श कुटुंबाच्या ध्यासाने पछाडलेला आहे. मनासारखे प्रेम मिळाले नाही, की तो दत्तक घेणाऱ्यांचाच जीव घेतो. इंग्लंडमध्ये १९९३ साली दहा वर्षांच्या दोन मुलांनी एका बालकाची हत्या केली. त्या पार्श्वभूमीवर १९९६ मध्ये तिथल्या परीक्षण मंडळाने ‘मायकी’ला प्रमाणपत्र नाकारले.

आमचा आक्षेप मात्र हिंसेवर नाही. १९५६ च्या ‘द बॅड सीड’मध्ये खुनी मुलीचा दोष आजीच्या रक्तात शोधला आहे, तिची आई दत्तक आलेली. २००९ च्या ‘ऑर्फन’मध्ये अनाथाश्रमातून आणलेली मुलगी चक्क तेहतीस वर्षांची बाई निघते. तिन्ही कथांत धोका दत्तकाच्याच वाटेने घरात शिरतो.

पडद्यावरची भीती घरी पोहोचेपर्यंत ओसरते. पण अनाथ मुलाकडे संशयाने पाहण्याची सवय मागे उरते. जन्मावरून माणसाची पारख झाली की काय होते, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.