विद्युत अभियंत्याच्या संशोधनाचे मोजमाप : एच-निर्देशांकाची समीक्षा

प्रस्तावना :
संशोधकाचे कर्तृत्व संख्येत मांडण्याचा प्रयत्न नवा नाही. युजीन गारफील्ड यांचा ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ १९६४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि एखाद्या निबंधाचा पुढे किती ठिकाणी उल्लेख झाला, हे मोजता येऊ लागले. २००५ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हिर्श यांनी एच-निर्देशांक सुचविला. ज्याच्या २० निबंधांना प्रत्येकी २० संदर्भोल्लेख लाभले, त्याचा निर्देशांक २०. ज्याने पाचच निबंध लिहिले व प्रत्येकाला हजार संदर्भोल्लेख मिळाले, त्याचा मात्र ५. अनुल्लेखित निबंधांच्या राशीला येथे किंमत नाही, हा या मापाचा गुण होय. तथापि ते काय वगळते, हेही तपासणे आवश्यक आहे.

पुणे परिसराशी निगडित दोन उदाहरणे :
पुण्यात जन्मलेले थॉमस कैलाथ १९५६ मध्ये पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवीधर झाले व पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठात प्राध्यापक झाले. त्यांचा ‘लिनियर सिस्टिम्स’ (१९८०) हा ग्रंथ जगभर अभ्यासला गेला; पण संदर्भोल्लेख कितीही असोत, निर्देशांकात त्याची भर फार तर एकाचीच. त्यांनी घडविलेल्या विद्यार्थ्यांची तर त्यात नोंदच नाही.

आरोग्यस्वामी पॉलराज यांनी १९६६ मध्ये लोणावळ्याच्या नौदल अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेतली. भारतीय नौदलासाठी ‘अप्सोह’ ही सोनार यंत्रणा त्यांच्या नेतृत्वाखाली विकसित झाली. संरक्षणविषयक गोपनीयतेमुळे असे काम निबंधांच्या यादीत क्वचितच उतरते. पुढे पॉलराज व कैलाथ यांनी १९९२ मध्ये अनेक अँटेनांच्या साह्याने बिनतारी वहनक्षमता वाढविण्याच्या कल्पनेसाठी पेटंटचा अर्ज केला. ते १९९४ मध्ये मंजूर झाले. ‘मायमो’ नावाने ओळखले जाणारे हे तंत्र आज वाय-फाय व मोबाइल सेवेत रुळले आहे. निबंधांवर आधारलेल्या निर्देशांकात या पेटंटला स्थान नाही.

गुणांकपद्धती :
विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनी पेटंटची दखल घेतली, हे खरे. परंतु आंतरराष्ट्रीय पेटंटला १० गुण आणि प्रभावगुणक १० हून अधिक असलेल्या नियतकालिकातील निबंधासाठी ३० गुण, असे प्रमाण त्यांत ठरविले गेले. वस्तुतः प्रभावगुणक हा नियतकालिकाचा असतो, निबंधाचा नव्हे.

निष्कर्ष :
या प्रश्नाची झळ ग्रामीण महाविद्यालयांना अधिक बसते. यवत परिसरातील कृषिपंपांना मिळणाऱ्या कमी दाबाच्या विजेवर एखाद्या अध्यापकाने उपाय शोधला, तर त्याचा लाभ शेतकऱ्याला होईल. संदर्भोल्लेख मात्र मोजकेच मिळतील. २०१५ च्या लायडन जाहीरनाम्यातील दहा तत्त्वांपैकी एक तत्त्व स्थानिक महत्त्वाच्या संशोधनाचे रक्षण करण्यास सांगते, ते याचसाठी. सारांश, निर्देशांकाने चौकशीचा आरंभ व्हावा. निवाडा मात्र निवड समितीने उमेदवाराचे दोन-तीन निबंध प्रत्यक्ष वाचून आणि त्याचे काम पाहूनच द्यावा.