विज्ञानकथेतील गौण पात्रे : एक टिपण

विज्ञानकथेचे परीक्षण करताना आपल्याकडे बहुधा दोन प्रश्न विचारले जातात. तीतील विज्ञान शास्त्राला धरून आहे काय, हा पहिला. आणि तीतील कल्पना अभिनव आहे काय, हा दुसरा. पात्रांचा विचार सहसा होत नाही, आणि झालाच तर तो नायकापाशी थांबतो. विज्ञानकथेत कल्पना हीच नायक असते, तेव्हा माणसे पुसट राहणारच, असे समर्थनही या संदर्भात केले जाते. हे समर्थन कितपत ग्राह्य आहे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. गौण पात्र आणि वाया गेलेले पात्र या दोन गोष्टी एक नव्हेत. दोन वाक्ये बोलून निघून जाणारे पात्रही आपले कार्य पूर्ण करू शकते. ज्या पात्राविषयी कलाकृती स्वतःच अपेक्षा निर्माण करते आणि मग ती अपुरी सोडते, तेच पात्र वाया गेले असे म्हणावे लागते.

दूरचित्रवाणीवरील मालिकांत हा दोष ठळकपणे दिसतो. अमेरिकेत १९६६ ते १९६९ या काळात प्रसारित झालेली आणि पुढे दूरदर्शनमुळे आपल्याकडेही परिचित झालेली ‘स्टार ट्रेक’ ही मालिका याचे उत्तम उदाहरण होय. तिच्या ७९ भागांत संदेशवहन अधिकारी उहुरा वारंवार आपल्या आसनावर दिसते. वर्णभेदाने पोखरलेल्या तत्कालीन अमेरिकेत एका कृष्णवर्णीय स्त्रीने अंतराळयानावर अधिकारपदी बसावे, ही घटना लहान नव्हती. परंतु तिच्या वाट्याला आलेले संवाद बहुतांशी संदेश आल्याची वा न आल्याची वर्दी देणारे आहेत. त्या मूळ मालिकेत तिचे पहिले नावदेखील उच्चारले जात नाही. निशेल निकल्स या अभिनेत्रीने पहिल्या पर्वानंतर ही भूमिका सोडण्याचे ठरविले होते, आणि मार्टिन ल्यूथर किंग यांच्या आग्रहावरून ती थांबली, असे तिने स्वतःच सांगितले आहे. पात्राच्या केवळ उपस्थितीने प्रेक्षकांवर जो परिणाम झाला, त्याचा लाभ संहितेने मात्र क्वचितच घेतला. मालिकेला आठवड्यामागून आठवडे तीच माणसे पुन्हा भेटविण्याची सोय असते; म्हणून तिच्याकडून ही अपेक्षा अधिक करावयाची.

लघुकथेला ही सोय नसते. तथापि वरील कसोटी तिलाही लावता येते. जयंत नारळीकर यांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी टोपणनावाने कथा पाठविली, तेव्हापासून मराठी विज्ञानकथेला जी प्रतिष्ठा लाभली ती सर्वश्रुत आहे. त्यांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत पानिपतची लढाई मराठ्यांनी जिंकली आहे अशा एका निराळ्या जगात गंगाधरपंत जाऊन पडतात. आगगाडीत त्यांना खानसाहेब भेटतात. आपण मुंबईहून दिल्लीस, तेथून लाहोरास आणि पुढे पेशावरास जाणार असे ते सहज सांगतात. एवढ्यानेच या जगात फाळणी झालेली नाही हे वाचकाच्या ध्यानी येते. खानसाहेब हे अगदी गौण पात्र. पण त्यांच्या प्रवासाच्या बेतात एक संपूर्ण इतिहास सामावला आहे. येथे काहीही वाया गेलेले नाही.

आता विनयकडे पाहू. मुंबईस उतरल्यावर गंगाधरपंत आपल्या मुलाच्या कचेरीत जातात. त्या नावाचा कोणीही मनुष्य तेथे नोकरीस नाही असे त्यांना समजते. या जगात आपला मुलगा कदाचित जन्मलाच नसेल, हा विचारही त्यांच्या मनात येऊन जातो. कथेतील हा सर्वांत भयंकर क्षण होय. राज्ये गेली आणि आली, यापेक्षा एका बापाचा मुलगा जगातून पुसला गेला, ही गोष्ट वाचकाच्या मनाला अधिक भिडते. पण कथेचा ओघ लगेच ग्रंथालयाकडे वळतो. इतिहासकाराचे कुतूहल जागे होते आणि बाप मागे पडतो. अखेरीस राजेंद्र देशपांडे शास्त्रीय उलगडा करतात, तोही लढाईचा आणि गंगाधरपंतांच्या अनुभवाचा. राजेंद्र हे पात्र केवळ स्पष्टीकरणासाठी आहे आणि तेवढे काम ते चोख बजावते; त्याच्याविषयी तक्रार नाही. विनयविषयी आहे, कारण अपेक्षा कथेनेच निर्माण केली होती.

‘धूमकेतू’ या कथेत याच्या उलट घडते. दत्त धूमकेतूचा शोध लावतात. त्याची पृथ्वीशी टक्कर टाळण्यासाठी शास्त्रज्ञ गुप्तपणे खटपट करतात. इकडे त्यांच्या पत्नी इंद्राणीदेवी शांतीसाठी यज्ञ करवितात, आणि संकट टळल्याचे श्रेय त्या यज्ञाला देतात. इंद्राणीदेवी नसत्या, तर ही एका यशस्वी मोहिमेची हकिकत झाली असती. त्या आहेत म्हणून विज्ञानाचा विजय होऊनही वैज्ञानिक दृष्टीचा पराजय झाला, हा कथेचा खरा अर्थ उमगतो. कल्पना नायक असली तरी तिची किंमत दाखविण्यास माणूसच लागतो, याचे याहून स्पष्ट प्रमाण कोणते?

हा प्रश्न केवळ तंत्राचा नाही. आमच्या हडपसरात शेतकरी कुटुंबांनी सुमारे ४०० एकर जमीन एकत्र करून मगरपट्टा सिटी उभारली, आणि एका पिढीच्या आत उसाच्या व भाजीपाल्याच्या जागी संगणकाच्या कचेऱ्या आल्या. या स्थित्यंतरावर कोणी विज्ञानकथा लिहिली, तर तिचा नायक बहुधा एखादा संशोधक असेल. परंतु बांधावर उभा राहून ते सारे पाहणारा म्हातारा शेतकरी, किंवा रात्रपाळी करून पहाटे घरी परतणारी त्याची नात, यांना दोन वाक्यांपुरते वापरून सोडून दिले, तर ती कथा विज्ञानाची राहील, हडपसरची राहणार नाही.

म्हणून विज्ञानकथेच्या अभ्यासकाने एक तिसरा प्रश्नही विचारावा : या कल्पनेचा भार प्रत्यक्षात कोणावर पडला, आणि लेखकाने त्या व्यक्तीला बोलू दिले काय?