लॉर्ड कॉपरचे युद्धधोरण

‘डेली बीस्ट’चे परराष्ट्र संपादक मिस्टर सॉल्टर यांच्या तोंडून मालकासमोर नकार निघत नाही. लॉर्ड कॉपर बरोबर बोलले की ते ठाम होकार देतात. चुकले की होकार फक्त ‘काही अंशी’ होतो. जपानची राजधानी योकोहामा ना? काही अंशी! भूगोलालाही जिथे मालकाची मर्जी राखावी लागते, तिथे राजकीय मतांची काय कथा?

इव्हलिन वॉ यांच्या ‘स्कूप’ (१९३८) या कादंबरीतले हे लंडनचे काल्पनिक दैनिक. त्याच्या इतिहासावर लेखक पाने खर्च करत नाही. फ्लीट स्ट्रीटवरची अवाढव्य इमारत आणि तिच्यातला मालकाचा भपकेबाज पुतळा पाहिला की सत्ता कुणाची, ते समजते.

पत्राचा राजकीय कल मात्र वॉ फुरसतीने उलगडतो. ग्रामीण निसर्गावर सदर लिहिणारा विल्यम बूट नामसाधर्म्याच्या घोटाळ्यात इश्माएलिया या कल्पित आफ्रिकी देशात युद्धवार्ताहर म्हणून धाडला जातो. लढाई देशभक्त आणि देशद्रोही यांच्यात आहे, एवढे सॉल्टरना ठाऊक आहे. त्यातले देशभक्त नेमके कोण, हे विचारल्यावर ते हात झटकतात: तो धोरणाचा भाग, आपल्या अखत्यारीतला नाही. लॉर्ड कॉपरना मात्र धोरण तोंडपाठ आहे. देशभक्तांची बाजू न्यायाची, म्हणून त्यांनी जिंकायचे. आणि जिंकायचे तेही झटपट, कारण रेंगाळणाऱ्या युद्धात वाचकाला गोडी नसते. पहिला विजय जुलैच्या मध्यावर अपेक्षित आहे!

इथे वॉची खरी करामत दिसते. तो कुठेही टीका करत नाही, डोळा मिचकावत नाही. कचेरीतला नेहमीचा संवाद तो तसाच मांडतो आणि बातमी घडण्याआधीच तिची मागणी नोंदवली गेल्याचे आपल्या ध्यानात येते. ‘बीस्ट’ डावे नाही, उजवेही नाही. खप वाढेल तिकडे त्याचा कल.

ही जाण अनुभवातून आली आहे. १९३५ साली इटलीने अॅबिसिनियावर, म्हणजे आजच्या इथिओपियावर, स्वारी केली, तेव्हा वॉ ‘डेली मेल’चा वार्ताहर म्हणून तिथे होता. पण त्याची स्वतःची सहानुभूती इटलीकडे होती आणि कादंबरीतली आफ्रिकी माणसे निव्वळ थट्टेचा विषय होतात. मालकांचे पूर्वग्रह अचूक टिपणाऱ्या लेखकाला स्वतःचे दिसले नाहीत, ही या कादंबरीतली मोठी उणीव.

ती मान्य करूनही सॉल्टर-कॉपर संवादांना वृत्तपत्रीय विनोदात तोड नाही. वृत्तपत्राच्या कचेरीत पहिले पाऊल टाकणाऱ्याने नेमणुकीच्या पत्राआधी ‘स्कूप’ वाचावी.