यथाशक्ति : आसनांच्या पुस्तकांतील मराठी

एखादी कथा फसली तर वाचक पुस्तक मिटतो आणि झोपी जातो. कवितेतली प्रतिमा जमली नाही तर समीक्षक नाक मुरडतो. कुणाचे फारसे बिघडत नाही. परंतु मराठी गद्याचा एक प्रकार असा आहे, की ज्याचा वाचक वाक्य वाचून थांबत नाही. ते वाक्य तो स्वतःच्या अंगाने करून पाहतो. आसने आणि ध्यान शिकविणारी पुस्तके हा तो प्रकार होय. घरोघरी पंचांगाच्या आणि पाककृतींच्या पुस्तकाशेजारी असे एखादे पुस्तक असतेच. तरीही या लेखनाकडे आपण वाङ्मय म्हणून, निदान भाषेचा एक व्यवहार म्हणून, सहसा पाहत नाही. तसे पाहण्याचा हा एक लहानसा प्रयत्न आहे. त्याचे निमित्त मात्र वाङ्मयीन नाही, घरगुती आहे.

माझी थोरली बहीण उज्जैनला नानाखेडा भागात राहते. लग्न होऊन ती तिकडे गेली त्याला चाळीस वर्षे होऊन गेली. इंदूरहून आलेली बस नानाखेड्याच्या स्थानकावर सोडते. तिथून आक्काचे घर चालत दहा मिनिटांवर. बाजारात, शेजारात, नातवंडांशी तिची भाषा म्हणजे माळव्याची हिंदी. मराठी उरली ती दोन ठिकाणी, देवघरात आणि छापील पुस्तकात. त्यामुळे मराठीत छापलेले जे हाती येईल त्याला ती पोथीचा मान देते. सीमाभागातल्या वाचकांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

दोन वर्षांपूर्वी, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, तिने अशाच एका पुस्तिकेवरून सर्वांगासन सुरू केले. पाचव्या दिवशी मान धरली, डाव्या हाताला मुंग्या येऊ लागल्या आणि उठताना घेरी आली. डॉक्टरांनी रक्तदाब मोजला तो वाढलेला निघाला. केव्हापासून वाढला होता, हे तिलाही ठाऊक नव्हते. मी भेटायला गेलो तेव्हा ती गळ्याला पट्टा लावून बसली होती. माझा पहिला प्रश्न मास्तरकीला शोभेल असाच होता : "पुस्तकात काय लिहिलं होतं?" तिने पुस्तिका पुढे केली. "लिहिलंय तसंच केलं रे. माझंच काहीतरी चुकलं असेल."

मला तिच्या मानेपेक्षा हे वाक्य जास्त लागले. पुस्तिकेचे नाव मी घेत नाही, कारण दोष एका पुस्तिकेचा नाही. हा लेखनाचा साचाच होऊन बसला आहे.

त्या पुस्तिकेत सर्वांगासनाला दीड पान होते. वर चित्र, टाचेपासून खांद्यापर्यंत ओळंब्यात उभ्या असलेल्या एका तरुणाचे. खाली कृती सहा ओळींची आणि तिच्याखाली लाभ चौदा. शेवटी एकच शब्द : यथाशक्ति.

कृती सगळी विध्यर्थी. पाय उचलावेत, कंबर सावरावी, हनुवटी छातीला लावावी. या 'वे'-प्रत्ययाची एक गंमत आहे. त्यात आज्ञेचा उद्धटपणा नसतो, पण करणाराही नसतो. पाय उचलावेत ते कुणी, किती वयाच्या माणसाने, श्वास घेत की सोडत, हे त्या क्रियापदाला सांगावेच लागत नाही. आणि पाय उचलणे व कंबर सावरणे या दोन वाक्यांच्या मधे जे घडायचे असते, म्हणजे पाठ जमिनीवरून सुटणे आणि भार खांद्यांवर येणे, तेच तर सर्वांगासन! ते दोन वाक्यांच्या फटीत हरवले. चढायचे कसे ते अर्धे सांगितले, उतरायचे कसे ते मुळीच नाही.

आता 'हनुवटी छातीला लावावी' हे वाक्य घ्या. बी. के. एस. अय्यंगार यांच्या ग्रंथात हीच गोष्ट उलट बाजूने आली आहे. धड वर उचलत न्यायचे, छाती हनुवटीला भिडेपर्यंत. दोन्ही वाक्यांत छाती आहे आणि हनुवटी आहे. शेवटचे चित्रही एकच. परंतु एकात मान कामाला लागते, दुसऱ्यात मान स्वस्थ राहून पाठ काम करते. व्याकरणात याला कर्त्याचा आणि कर्माचा प्रश्न म्हणतात. आक्काच्या मानेने तो सोडविला.

राहता राहिला 'यथाशक्ति'. 'शक्ती' दीर्घ, पण 'यथाशक्ति' मात्र अव्यय म्हणून ऱ्हस्व लिहावे, असे आम्ही मुलांना शिकवीत आलो. हा शब्द मुळात आपल्या ओळखीचा आहे तो पूजेतून. दक्षिणा यथाशक्ति द्यावी. तिथे तो शोभतो, कारण देणाऱ्याला आपल्या कनवटीला काय आहे ते ठाऊक असते. शरीराच्या शक्तीचे तसे नाही. मानेची शक्ती किती, हे मान दुखल्यावरच कळणार असेल, तर 'यथाशक्ति' म्हणणे म्हणजे जबाबदारी वाचकाच्या गळ्यात घालून लेखकाने मोकळे होणे होय. आणि लाभांच्या यादीत मात्र हा संकोच कुठेच नाही. तिथे सगळे निश्चयार्थी : नाहीसा होतो, सुधारते, वाढते. सांगायचे तिथे मोघम आणि आश्वासन द्यायचे तिथे ठाम, हा या गद्याचा खरा दोष आहे.

"योग गुरुमुखातूनच शिकावा, पुस्तकावरून शिकूच नये," असा यावर ठरलेला आक्षेप येईल. आक्षेप जुना आहे आणि खराही आहे. पण मग पुस्तक छापावे कशाला? आणि आपल्या परंपरेत लिहिलेल्या शब्दात गुरू खरोखरच उतरू शकत नाही काय?

त्या मुक्कामात एका दुपारी मी नानाखेड्याहून रिक्षाने गाव ओलांडून भर्तृहरीच्या गुंफेत गेलो. क्षिप्रेच्या काठी, गढकालिकेच्या बाजूला ती गुंफा आहे. पायऱ्या उतरून आत गेले की छत डोक्याशी येते आणि हवा जड होते. जवळच मच्छिंद्रनाथांची म्हणून दाखवितात ती समाधी आहे. नाथसंप्रदायाचे हे क्षेत्र मराठी घरांना परके नाही. मालूकवीने शके १७४१ मध्ये, म्हणजे १८१९ साली, पुरा केलेला 'नवनाथ भक्तिसार' आजही पारायणाला लावला जातो. पिंगलेसाठी विलाप करणारा भर्तरी आणि त्याला भानावर आणणारा गोरक्ष त्यात आहेत. मात्र चाळीस अध्यायांच्या त्या पोथीत योग आहे तो चमत्काराच्या रूपाने. कसे बसावे, श्वास कसा घ्यावा, हे ती शिकवीत नाही, आणि शिकविण्याचा आवही आणीत नाही. तेवढा प्रामाणिकपणा तिच्यात आहे.

शिकविले ते त्याच नाथपरंपरेतल्या ज्ञानदेवांनी, पाच शतकांहून अधिक आधी. शके १२१२ च्या ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय आपण कुंडलिनीच्या वर्णनासाठी वाचतो, त्यातल्या प्रतिमांवर भाळतो. आसनाच्या पुस्तकाचा नमुना म्हणून तो पुन्हा वाचावा. आधी जागा येते : सावली, पाणी, निवांतपणा, बसले की उठावेसे वाटू नये असे ठिकाण. मग बैठक, फार उंच नाही, फार सखल नाही. मग शरीर. टाच कुठे टेकवायची, हे सांगताना ज्ञानदेव अक्षरशः बोटे मोजतात. चार अंगुळांची जागा, दोन्हीकडून दीड-दीड सोडायची, मधे उरते ते एक अंगुळ. उजवे पाऊल खाली; डावे मग आपसूक वर बसते. ओवीसारख्या छंदात इतके नेमके मोजमाप यावे आणि 'यथाशक्ति'वर निभावून नेऊ नये, ही साधी गोष्ट नाही. पतंजलींनी आसनाला तीन सूत्रे दिली. स्थिर आणि सुखकर, एवढ्यावर त्यांचे भागले. ज्ञानदेवांना समोर मराठी ऐकणारा माणूस बसलेला दिसत होता, म्हणून त्यांनी मोजून दिले.

तो समोरचा माणूस हे या अध्यायाचे खरे बळ आहे. सगळे ऐकून झाल्यावर अर्जुन विचारतो, की हे योग्यता असलेल्यालाच साधते, की माझ्यासारख्या उण्या माणसालाही? आक्काचा प्रश्न तोच होता, फक्त पुस्तिकेत तो विचारणारा कुणी नव्हता. आणि उत्तरही कसे, तर योग्यता कुठून आयती आणायची नसते. नेमस्त खाणे, नेमस्त झोपणे, नेमस्त श्रम यांतून ती येते. थोड्या वेळाने अर्जुन पुन्हा अडवतो : हे मन म्हणजे माकड, ते समाधी लावून बसेल होय! शंका घेणाऱ्याला जागा देणारे शिक्षण छापील असले तरी गुरुमुखीच असते. संवाद काढून नुसती कृती ठेवली की त्याची पुस्तिका होते.

विसाव्या शतकात हा संवाद वेगळ्या वाटांनी गेला. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार संस्थानच्या शाळांतून रुजविले. त्यांची भाषा क्रमाची आणि गणतीची. रांगेतल्या मुलांना ती पुरते, कारण समोर मास्तर उभा असतो. अमळनेरला अध्यापन केलेले जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम काढले. उड्डियान आणि नौली करताना पोटात काय घडते, हे त्यांनी क्ष-किरणांखाली पाहिले, पोकळीतला दाब मोजला आणि 'योगमीमांसा' या नियतकालिकात मांडले. शंका घ्यावी, मोजावे, मग बोलावे, ही अर्जुनाचीच रीत. परंतु ते नियतकालिक इंग्रजी. मराठी पुस्तिकांपर्यंत त्यातले मोजमाप पोचले नाही, पोचली ती फक्त 'शास्त्रीय लाभ' ही शब्दजोडी, असे मला वाटते.

अय्यंगारांच्या कथेचा एक धागा आपल्या बेळगावातून जातो. १९३६ च्या सुमारास कृष्णमाचार्य शिष्यांसह कर्नाटकात प्रात्यक्षिके करीत फिरत होते, तेव्हा बेळगावचे सिव्हिल सर्जन डॉ. व्ही. बी. गोखले यांनी ती पाहिली. निवृत्तीनंतर ते पुण्यास गेले आणि त्यांच्याच खटपटीने १९३७ साली अठरा वर्षांचे अय्यंगार डेक्कन जिमखान्यावर शिकवायला आले. ते २०१४ मध्ये निवर्तले तोवर पुणे हेच त्यांचे गाव. लहानपणी मलेरिया, विषमज्वर, क्षय अशा दुखण्यांनी पिळून निघालेला हा मुलगा. दुखणाऱ्या शरीराशी बोलायचे कसे, हे त्याला स्वतःपासून शिकावे लागले. १९६६ साली इंग्रजीत निघालेल्या आणि पुढे मराठीत 'योगदीपिका' म्हणून आलेल्या ग्रंथात ते उतरले आहे. दोनशे आसने, सहाशेच्या घरात छायाचित्रे, प्रत्येक आसनाला अवघडपणाचा आकडा, पायरीपायरीने चढणे आणि तसेच उतरणे, तीनशे आठवड्यांचा क्रम. रक्तदाब असलेल्याने सर्वांगासनाला थेट हात घालू नये. आधी हलासनात निदान तीन मिनिटे स्थिर राहता यायला हवे, असा त्यात स्पष्ट दंडक आहे. हा दंडक आजच्या डॉक्टरांना पुरेसा वाटेल न वाटेल. पण 'यथाशक्ति'च्या जागी तीन मिनिटे हे माप आले, हा फरक मोठा आहे. या ग्रंथातही रोगवार आसनांची लांबलचक यादी आहे आणि ती मला खटकते. एका दुखण्यासमोर दहा नावे वाचून घाबरलेला माणूस काय करील, याचा विचार त्या परिशिष्टात नाही.

ध्यानाच्या पुस्तकांची अडचण आणखी निराळी. आसनाचे पुस्तक उघडे ठेवून हात-पाय हलविता येतात. डोळे मिटून पुस्तक वाचता येत नाही. म्हणून तिथले वाक्य आठवणीत राहील असे हवे. 'मन एकाग्र करावे, विचार येऊ देऊ नयेत' हे वाक्य लक्षात राहते, पण ती शिकवण नव्हे, नुसती मागणी आहे. सहाव्या अध्यायातले सांगणे किती व्यवहारी आहे पाहा : थांबत नसेल मन, तर सोडा मोकळे, जिथे जाईल तिथून नेमच त्याला परत आणील. मराठी बोलीलाही हे ज्ञान आहे. आपण घाई करणाऱ्याला 'दम धर' म्हणतो, 'दमाने घे' म्हणतो. श्वास आणि सबुरी यांना एकच शब्द असलेली भाषा हाताशी असताना आमच्या पुस्तिका 'दीर्घ श्वसनाद्वारे मानसिक संतुलन साधावे' असे का लिहितात, हे कोडे आहे.

२०१५ पासून २१ जूनला योगदिन साजरा होऊ लागला आणि अशा पुस्तिकांचे पीक वाढले. त्या वाचणारे पुष्कळ लोक आक्कासारखे आहेत : वय झालेले, एकटे, वर्गात जायला संकोचणारे आणि छापील मराठीवर भरवसा टाकणारे. त्यांच्यासाठी लिहिणाऱ्याने लाभांची चार कलमे गाळून तिथे 'हे कुणी करू नये' ते लिहावे, चढण्याइकीच जागा उतरण्याला द्यावी आणि मजकूर छापण्याआधी एखाद्या साठीच्या बाईला वाचून दाखवून ती काय करते ते पाहावे. ही अपेक्षा अवाजवी ठरू नये.

निघायच्या आदल्या रात्री आक्काची पुस्तिका पुन्हा चाळली. सर्वांगासनाच्या पानावर, चौदा लाभांच्या समासात, तिने शिसपेन्सिलीने लिहिले होते : "मान दुखली की थांबायचं. आधी बीपी बघायचं." अक्षर शाळेतले, वळणदार. त्या दीड पानात ज्याला करणारा माणूस ठाऊक आहे, असे मराठी तेवढेच होते.