साच्याचा धर्म

आशय आणि घाट यांचा वाद आपल्याकडे कविता-कथांच्या निमित्ताने पुष्कळ रंगला. परंतु आज घरातली माणसे कामासाठी जे लिहितात, त्यात स्लाइडचा वाटा फार मोठा आहे. मुलगी शाळेचा प्रकल्प स्लाइडवर मांडते; जावई तिमाहीचा हिशेब साहेबापुढे स्लाइडवरच ठेवतात. एवढे लिखाण ज्या घाटातून बाहेर पडते, त्याचीही समीक्षा व्हावी असे मला वाटते. आणि ती करताना प्रश्न जुनाच विचारावा: हा घाट आशयाला साथ देतो, की त्याची गळचेपी करतो?

पॉवरपॉइंट १९८७ साली प्रथम मॅकिन्टॉश संगणकासाठी निघाले आणि ते करणारी कंपनी त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने विकत घेतली. त्यात आज ‘स्लाइड मास्टर’ नावाचे एक माजघर आहे. तिथली सर्वांत वरची स्लाइड म्हणजे घरातली कर्ती बाई. अक्षराचे वळण, रंग, बोधचिन्हाची जागा तिने ठरवायची आणि तिच्या हाताखालच्या लेआउटांनी ती पाळायची. मथळा, मजकूर, चित्र यांसाठी प्रत्येक लेआउटमध्ये जागा राखता येतात. रंगांच्या संचात बारा घरे असतात. कंपनीचे रंग एकदा तिथे भरले, की पुढे काढलेला आलेखही त्याच रंगांत उमटतो. हे ज्याला ठाऊक नाही तो गृहस्थ प्रत्येक स्लाइडवर बोधचिन्ह हाताने चिकटवत बसतो, आणि चिन्ह बदलले की चाळीस ठिकाणी पुन्हा चिकटवतो.

ही शिस्त मला आवडते. ठिपके नीट पडले तर रांगोळी सहसा फसत नाही. अशा शिस्तीचा नामवंत नमुना म्हणजे अमेरिकेच्या ‘नासा’ची १९७६ सालची नियमावली. रिचर्ड डॅन आणि ब्रूस ब्लॅकबर्न यांनी ती घडवली. पत्राच्या कागदापासून अवकाशयानापर्यंत संस्थेचे नाव कसे दिसावे, हे तीत निगुतीने सांगितले आहे. तिच्यातले बोधचिन्ह १९९२ साली मागे घेतले गेले आणि २०२० साली पुन्हा दिसू लागले. नियमावलीचा लौकिक मात्र टिकून राहिला.

परंतु नीटनेटकेपणा आणि स्पष्टपणा या सख्ख्या बहिणी नव्हेत. याच नासाच्या ‘कोलंबिया’ यानाने जानेवारी २००३ मध्ये उड्डाण केले, तेव्हा इंधनटाकीवरचा फोमचा तुकडा निखळून त्याच्या डाव्या पंखावर आदळला. यान वर असतानाच बोइंगच्या अभियंत्यांनी धोक्याचा अंदाज स्लाइडवर मांडला. एका स्लाइडचा मथळा धीर देणारा होता. त्याखाली ठिपक्या-रेघांच्या पायऱ्या उतरत गेल्या होत्या, आणि तळाच्या ओळीत खरी गोष्ट होती: चाचणीतला तुकडा ३ घनइंचांचा, तर इथला अंदाजे १९२० घनइंचांचा! १ फेब्रुवारीला परतताना यान फुटले आणि कर्नालच्या कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर गेले. चौकशी मंडळाने त्याच वर्षीच्या अहवालात ती स्लाइड, एडवर्ड टफ्टी यांच्या विश्लेषणासह, छापली आणि तांत्रिक लेखांऐवजी स्लाइडवर विसंबण्याच्या सवयीवर बोट ठेवले.

स्लाइडमुळे यान पडले असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण मास्टरमधल्या मजकुराच्या चौकटीत मुळातच पाच पायऱ्या तयार असतात, आणि समोर पायऱ्या दिसल्या की माणूस उतरतो. लेआउट घडवणाऱ्याने तिथे दोनच दाखवाव्यात. मथळ्याला पूर्ण वाक्य मावेल एवढी, दोन ओळींची जागा द्यावी. दोन आकडे शेजारी-शेजारी मोठ्या अक्षरांत उभे राहतील असा एक वेगळा लेआउट करावा. हे कोणत्याही बोधचिन्हाच्या आड येत नाही.

आपल्या भाषेला तर या साच्यांत पुष्कळदा बिऱ्हाडच मिळत नाही. कामगारांसाठीच्या सुरक्षिततेच्या सूचना एका कंपनीच्या साच्यात मराठीतून बसवण्याचे काम माझ्याकडे आले होते. नियमावली म्हणे, मथळा कॅपिटल अक्षरांत हवा. आपल्या लिपीत कॅपिटल अक्षरेच नाहीत. अक्षरे विरळ हवीत. तशी केली की शिरोरेषा तुटते. ओळींमधले अंतर नेमक्या पॉइंटांत बांधलेले. त्यामुळे वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकला. अक्षरसंचात देवनागरीसारख्या लिपींसाठी निराळे घर असते, ते रिकामेच होते. अशा वेळी बहुधा ‘मंगल’ हा अक्षरसंच मदतीला धावतो. र. कृ. जोशी यांच्या मार्गदर्शनाखाली घडलेल्या या अक्षराचे संगणकावरील मराठीवर मोठे उपकार आहेत. पण कंपनीच्या धष्टपुष्ट इंग्रजी अक्षराशेजारी ते परक्या घरी आलेल्या पाहुण्यासारखे अवघडून बसते. त्याच्या जोडीला शोभेल असे मराठी अक्षर निवडणे हे नियमावलीचेच काम होते. सूचनेतली एखादी मात्रा झाकली गेली, तर होणारा तोटा केवळ शोभेचा नसतो.

माझा अभिप्राय असा, की रिकाम्या साच्यावरून घाटाची परीक्षा होत नाही. बोधचिन्हाभोवती किती जागा सोडायची हे नियमावलीने जरूर सांगावे. पूर्ण वाक्याला आणि वाचणाऱ्याच्या लिपीला किती जागा लागते, हेही तितक्याच काटेकोरपणे मोजावे. साचा मंजूर करण्यापूर्वी त्यात सर्वांत अप्रिय आकडा आणि सर्वांत लांब मराठी वाक्य भरून पाहावे. ती दोन्ही शेवटच्या रांगेतून वाचता आली, तर साचा उत्तम समजावा.