रंग दिसला नाही, म्हणून पेशी गेली?

मार्को चेलिओ यांनी १९९० साली रॅटच्या, म्हणजे मोठ्या उंदराच्या, मज्जासंस्थेचा एक नकाशा प्रसिद्ध केला. कॅल्शियम बांधून ठेवणारी दोन प्रथिनं, कॅलबिंडिन आणि पार्व्हाल्ब्युमिन, कुठे कुठे आढळतात ते त्यात दाखवलं. काम चिकाटीचं. आपली तक्रार आहे ती असे नकाशे वाचणाऱ्यांबद्दल.

पद्धत अशी: मेंदूचा पातळ काप घ्यायचा, त्या प्रथिनालाच चिकटणारं प्रतिपिंड लावायचं, रंग उमटवायचा आणि रंगलेल्या पेशी मोजायच्या. इथवर ठीक. पण बोलता बोलता ‘जिच्यात पार्व्हाल्ब्युमिन आढळलं ती पेशी’ याची ‘पार्व्हाल्ब्युमिन पेशी’ होते. गुण होता, त्याची जात झाली!

मग ऑटिझमच्या अभ्यासासाठी जनुक बदललेल्या छोट्या उंदरांत, म्हणजे माऊसमध्ये, रंगलेल्या पेशी कमी भरल्या की म्हणायचं, पेशी मेल्या. आता बघा, आपल्याकडे भाट्ट मीमांसकांनी अनुपलब्धीला प्रमाण मानलं, पण अट घालून. वस्तू असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. अंधारात घडा दिसला नाही, तर घडा नाही असं म्हणता येत नाही. इथे प्रथिन घटलं की जिवंत पेशीही रंगत नाही. अंधारच की हा!

बीट श्वालर यांच्या गटाने २०१६ साली नेमकं हेच तपासलं. यातल्या बऱ्याच पेशींभोवती जाळीदार वेष्टन असतं; त्याला चिकटणारं एक वनस्पतिजन्य प्रथिन वापरून त्यांनी पेशी पुन्हा मोजल्या. पेशी जागेवरच होत्या, घटलं होतं ते पार्व्हाल्ब्युमिन. मेलेली पेशी परत येत नाही. उतरलेलं प्रथिन वाढवता येईल का, हे निदान विचारता तरी येतं. संशोधनाचा पैसा आणि वर्षं कुठे घालायची, ते यावर ठरतं.

आणि ‘कृंतकांच्या मेंदूत’ असं सरसकट लिहिण्याचं काय? हिप्पोकॅम्पसच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला तंतू पाठवणाऱ्या मॉसी पेशी घ्या. माऊसमध्ये त्या कॅलरेटिनिन या तिसऱ्या प्रथिनाने रंगतात, रॅटमध्ये रंगत नाहीत. पेशी तीच, मार्ग तोच. माऊसवर शिकलेली ही खूण घेऊन कोणी रॅटच्या कापात शोधू लागला, तर त्याला त्या मार्गाचा उगमच सापडायचा नाही.