सात घरांचं अंगण

बुलढाणा जिल्ह्यात वास्तुकलेचा विषय निघाला की आपलं बोट लोणारच्या दैत्यसूदन मंदिराकडे जातं, नाहीतर सिंदखेडराजाच्या राजवाड्याकडे, फार तर मेहकरच्या कंचनीच्या महालाकडे. देवांची आणि सरदारांची घरं आपण बारकाईने पाहतो. मास्तराचं, कारकुनाचं, गवंड्याचं घर मात्र फक्त मोजतो: किती खोल्या, किती फूट, किती लाख. कवितेसारखीच एखादी वसाहतही ओळ न् ओळ वाचता येते, हे सहसा आपल्या मनात येत नाही. म्हणून इथे वाचायला घेतली आहे ती जिल्ह्याबाहेरची, पण आपल्या गावाशी नातं सांगणारी एक वसाहत. नवी मुंबईत, बेलापूरला पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी १९८३ ते १९८६ या काळात उभं राहिलेलं ‘आर्टिस्ट व्हिलेज’. आखणी वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांची, बांधणी सिडकोची.

कोरिया १९५५ साली अमेरिकेतल्या एमआयटीतून शिकून बाहेर पडले. तो काळ तिथल्या उपनगरी वसाहतींच्या भरभराटीचा होता. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर लेव्हिटटाउनमध्ये सतरा हजारांहून अधिक घरं चार-पाच वर्षांत उभी राहिली होती, जवळपास एकाच साच्यातली. कॅलिफोर्नियात जोसेफ आयक्लर हा बिल्डर चांगल्या वास्तुरचनाकारांना हाताशी धरून मध्यमवर्गासाठी देखणी घरं बांधत होता. कमी उताराची छपरं, उघड्या तुळया, रस्त्याकडे जवळजवळ बंद भिंत आणि पुढे काही नमुन्यांत घराच्या पोटात काचांनी वेढलेला चौक. हा चौक सुंदरच, पण तो एका कुटुंबाचा. शेजाऱ्याशी बोलायचं तर मोटारीच्या रस्त्यावर यायला हवं. आज ज्याला ‘मिड-सेंच्युरी मॉडर्न’ म्हणून जपतात, त्या वसाहतींचं हे व्याकरण कोरियांच्या पिढीला चांगलं पाठ होतं. बेलापूरला त्यांनी ते सोडून दिलं नाही, त्यातला चौक उचलला आणि घराबाहेर आणून ठेवला.

आराखड्याचं पहिलं कडवं असं आहे. सात घरं, मध्ये सुमारे आठ मीटर लांब, आठ मीटर रुंद मोकळं अंगण. आठ मीटर म्हणजे सव्वीस फूट. एवढ्या अंतरावरून समोरच्या ओसरीतल्या माणसाचा चेहरा दिसतो, आवाज न चढवता बोलता येतं, आणि हळदीचा लहानसा मांडवही पडतो. असे सात-सातांचे तीन झुबके एकत्र आले की एकवीस घरं होतात. त्यांच्यामध्ये बारा मीटरचं मोठं अंगण. एकवीसचे तीन गट मिळून त्याहून मोठी मोकळी जागा. ही चढण पुढे शाळा, बसथांबा, मैदान यांच्यापर्यंत जाते. माझ्या मते सगळ्या रचनेतला सर्वात हुशार निर्णय हाच. घराच्या उंबऱ्यावरून माणूस एकदम ‘शहरात’ पडत नाही. आधी सात घरांत, मग एकवीस घरांत, मग गर्दीत, असा तो हळूहळू बाहेर निघतो. लहान मूल सात घरांच्या अंगणात एकटं सोडता येतं. बारा मीटरच्या अंगणात त्याच्यावर थोडी नजर ठेवावी लागते. मैदानावर त्याला मोठ्या भावाबरोबर पाठवायचं.

दुसरं कडवं भिंतीचं. इथलं कुठलंही घर शेजारच्या घराला चिकटलेलं नाही. साऱ्या वसाहतीत सामाईक भिंतच नाही. एखादा हिशेबी इंजिनिअर कपाळाला हात लावील, कारण ओळीने चिकटून घरं बांधली तर विटा वाचतात, जागा वाचते. पण सामाईक भिंत काय असते हे वऱ्हाडातल्या माणसाला समजावून सांगायला नको. वाटणीनंतर त्या एका भिंतीवरून भावाभावांची बोलणी बंद होतात, खोली वाढवायची तर शेजाऱ्याची संमती हवी, आणि ती मिळेपर्यंत दोन पिढ्या तहसिलीच्या पायऱ्या झिजवतात. कोरियांनी भिंत वेगळी ठेवली, ती घर वाढावं म्हणून. आज एक खोली, पोरगा कमावता झाला की वर दुसरी, सून आली की तिसरी. हे सगळं गावातला गवंडी आणि सुतार मिळून करतील, मोठ्या ठेकेदाराची गरज नाही. मूळ बांधकाम मुद्दाम साधं: भिंती, चुना, उतरतं कौलारू छप्पर, थोडं लाकूड. काटकसर केली ती दुसरीकडे. संडास-न्हाणीघरं दोन-दोन घरांची पाठीला पाठ लावून बसवली, म्हणजे नळाचा खर्च वाचला आणि प्रत्येकाचं न्हाणीघर प्रत्येकाचं राहिलं. (आपल्याकडे शेजाऱ्याशी भिंत वाटून घेणं एक वेळ चालतं, न्हाणीघर नाही. कोरियांना हे बरोबर कळलं होतं.)

आकडे कोरडे वाटतील, पण त्यांतही कविता आहे. सुमारे साडेपाच हेक्टर जमीन, साडेपाचशेच्या आसपास कुटुंबं, म्हणजे हेक्टरी पाचशे माणसं. एवढी दाट वस्ती म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे चार मजली इमारत येते. इथे ती जमिनीला टेकलेल्या घरांत साधली, अंगणं आणि शाळेची जागा धरून. घरांच्या किमती तेव्हा वीस हजारांपासून एक लाख ऐंशी हजारांपर्यंत, म्हणजे नऊपटीचा फरक. भूखंडांचा फरक मात्र पंचेचाळीस ते पंचाहत्तर चौरस मीटर, दुपटीपेक्षा कमी. श्रीमंताच्या घरात खोल्या जास्त, पण अंगणात त्याची जागा गरिबाएवढीच. हे भाषणात सांगणारे पुष्कळ असतात, नकाशात आखणारे थोडे.

आता आपल्या घराकडे. घाटावर आणि घाटाखाली जुनी धाब्याची घरं अजून कुठे कुठे उभी आहेत. पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, लाकडी सरे, त्यांवर काड्या, वर मातीचा थर आणि सपाट धाबं. या धाब्यावर चैत्र-वैशाखात कुरडया, पापड, शेवया वाळतात. उन्हाळ्यात रात्री सारं घर तिथे अंथरुणं घालतं आणि शेजारच्या धाब्यावरच्या माणसांशी गप्पा चालतात. कोरिया आयुष्यभर सांगत राहिले की उष्ण देशात छताखालच्या जागेइतकीच आकाशाखालची जागाही कामाची असते आणि गरिबाला ती सर्वात स्वस्त पडते. वऱ्हाडातल्या बाईने हे धाब्यावर कुरडया घालताना केव्हाच ओळखलं होतं. कोकणच्या पावसात मात्र मातीचं धाबं दोन दिवस टिकणार नाही, तिथे छप्पर उतरतंच हवं. म्हणून आपण जे काम धाब्यावरून घेतो, ते बेलापूरला अंगणाला करावं लागतं. कोरियांची कौलं बुलढाण्यात आणून बसवण्यात अर्थ नाही. आणायची ती त्यांची मांडणी.

ही वसाहत निर्दोष नाही. मोटारींचा विचार तिच्यात जवळजवळ नाही, आणि आता अंगणाच्या तोंडाशी गाड्या अडकतात. मूळ रूपात राहिलेली घरं आज थोडी. बऱ्याच ठिकाणी कौलं जाऊन स्लॅब आले, दोन-तीन मजले चढले, फरशा आणि ग्रिल आली. परदेशातून वास्तुकलेचे विद्यार्थी जुनी छायाचित्रं घेऊन येतात आणि हळहळतात. मला ती हळहळ अर्धीच पटते. घर वाढावं हीच मूळ अट होती, मग वाढलं म्हणून रडायचं कशाला? खरा दोष दुसरा आहे. रचनेने वाढायला मोकळीक दिली, पण कुठे थांबावं याची खूण ठेवली नाही. आठ मीटरच्या अंगणाभोवती तीन-तीन मजले उठले की ते अंगण विहिरीसारखं खोल आणि अंधारं होतं. जमिनीचे भाव वाढले तसा वीस हजारांच्या घराचा आणि एक लाख ऐंशी हजारांच्या घराचा शेजारही पूर्वीसारखा राहिला नाही. हे नकाशाच्या हातचं नव्हतं, हेही खरं. तरी अंगणं अजून अंगणंच आहेत. भिंती पाडून घरं नवी झाली, पण मधली मोकळी जागा कुणी गिळली नाही, कारण तिच्याकडे सात दारं उघडतात आणि सात घरांचं लक्ष असतं.

आपल्याकडे बुलढाणा, चिखली, खामगाव, मलकापूर, कुठल्याही गावाबाहेरचं नवं लेआउट पाहा. शेत एनए झालं, बाराशे-पंधराशे चौरस फुटांचे प्लॉट ओळीने पडले, प्रत्येकाला चहूबाजूंनी उंच कंपाउंड. बेलापूरच्या सर्वात मोठ्या भूखंडापेक्षा हे प्लॉट मोठे, पैसाही कमी लागलेला नाही. नियमाने सोडलेली ओपन स्पेसही आहे, पण ती नाल्याच्या कडेला, जिथे प्लॉट नीट बसत नव्हता त्या तिरप्या तुकड्यात. तिच्याकडे एकाही घराचं दार नाही. तिथे बाभळी वाढतात, मग कचरा येतो, मग एखादा फलक, आणि मग अतिक्रमण. जागेची कमतरता हे त्याचं कारण नाही, जागा कुठे ठेवायची याचा विचार झालेला नाही, इतकंच.

तेव्हा पुढच्या वेळी एजंटाने लेआउटचा नकाशा टेबलावर पसरला, की रस्ता नऊ मीटरचा आहे की बारा मीटरचा हे विचारण्याआधी ओपन स्पेसवर बोट ठेवा आणि तिच्याकडे किती घरांची दारं उघडणार ते मोजा. एकही नसेल, तर तो प्लॉट घेऊ नका.